तोंडी कळवले

ता. १२, गुरुवार

प्रिय धाकटे,

ताईचे पुष्कळ आशीर्वाद. तुम्ही दोघं बरी असाल. माझं ठीक चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण कुरकुरण्यात तो माझ्यावरच गेलाय. शाळेत तपासणीची धावपळ आहे. मुख्याध्यापक दिवसातून दहा वेळा ऑफिसात डोकावतात आणि दहाही वेळा तीच फाइल मागतात.

शनिवारी शाळा सुटल्यावर वर्गांमध्ये पुन्हा किडे मारायचं औषध फवारलं. फलक मीच लिहिला आणि दोन दिवस आधी फाटकावर लावला. कोणतं औषध, कोणते वर्ग, श्वासाचा त्रास असलेल्या मुलांनी सोमवारी घरीच राहावं, सगळं मोठ्या अक्षरात. वर फाटकात उभी राहून येईल त्या आईला वाचून दाखवला. शिपाई म्हणाला, "बाई, त्यांना वाचता येतं हो." येत असेल. मला राहवत नाही.

तो वास माझ्या नाकातून जात नाही गं. इतर कुणाला येत नाही म्हणतात. स्वेटर तीनदा धुतला, पडदे धुतले. आणि मधल्या सुट्टीत ऑफिसच्या खिडकीवर टकटक होते. पेन्सिलीला टोक काढायला तुझी टकळीच यायची ना? वर्गात टोकयंत्र असलं तरी यायची. "मावशी, टोक!" आणि टोक निघेपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. मी अजून उठून खिडकी उघडते. बाहेर कुणी नसतं.

किती वेळ इकडचं तिकडचं लिहिणार? सांगते.

सात महिन्यांपूर्वीची ती फवारणी. मुलाला श्वासाचा त्रास आहे, आधी कळवा म्हणून ज्या पालकांनी नोंदवहीत नाव दिलं होतं, ते सात जण. तेव्हा फाटकावर फलक नसायचा, या सातांनाच घरी चिठ्ठी जायची. सहा चिठ्ठ्या मी शिपायाबरोबर पाठवल्या, सह्या आणवल्या. सातवं नाव तुझं. म्हटलं, हिला कसली चिठ्ठी पाठवायची, घरचीच तर आहे, संध्याकाळी फोन करीन. आणि रकाना रिकामा दिसू नये म्हणून तेव्हाच लिहून टाकलं, 'तोंडी कळवले.'

संध्याकाळी तुझाच फोन आला. आठवतं? तुला पडद्यांचा रंग ठरवायचा होता. अर्धा तास बोललो आपण. निळा की पिवळा, यावर मी तुझ्याशी भांडले. फवारणीचा एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. वहीत लिहिलं होतं ना, म्हणजे डोक्यातून काम उतरलं होतं.

सोमवारी टकळीला फाटकातून येताना मी पाहिलं. दप्तर उडवत आली. मी हात हलवला. अगं, मी हात हलवला आणि चहा प्यायले! दुपारी वर्गशिक्षिका तिला उचलून धावत आली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तोवर तिच्या ओठांचा रंग गेला होता.

ती गेल्यावरच्या चौकशीत ती वही निघाली. तुझा नवरा म्हणाला, "ताई कशाला खोटं लिहितील?" तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "ताईनं सांगितलं असेल. माझ्याच लक्षात राहिलं नाही." मी जमिनीकडे बघत बसले. ते एक मिनिट बोलले असते तर! मग दिवस गेले आणि माझी जीभ उचलेना.

दर रविवारी येते मी. तू रडतेस, "विसरभोळी मेली मी, माझ्या हातानं पाठवलं पोरीला," म्हणतेस. आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवते. तुझा नवरा जेवायला वेगळा बसतो, तेही बघते, आणि भांडी घासून घरी निघून येते. इतकी नीच मी कधी झाले, मला कळलं नाही.

हे पत्र आधी त्याला वाचायला दे. मुख्याध्यापकांना आज सगळं लेखी दिलं. ते पाणी प्या म्हणाले, मी प्यायले नाही. माफी मागत नाही, मागायला तोंड नाही. या रविवारी येणार नाही. तू बोलावलंस तरच येईन, आणि नाही बोलावलंस तर ते बरोबरच असेल.

तू काहीही विसरली नव्हतीस.

ताई