पत्रकार बंधूंच्या रांगेत

६ जानेवारी

आज पत्रकार दिन. वाशीला सत्कार. निमंत्रणपत्रिकेवर ठसठशीत अक्षरांत — ‘समस्त पत्रकार बंधूंनो!’ आणि त्या बंधूंच्या रांगेत मी, साडी नेसून! त्यांना शाल-श्रीफळ. मला शाल-श्रीफळ आणि वर ब्लाउजपीस. निवेदक माइकवर म्हणे, "आणि या आमच्या एकमेव पत्रकार भगिनी..." टाळ्या! जणू सर्कशीत हत्ती सायकलवर बसला. हसले, उतरले. ब्लाउजपीस आईला दिला. रंग तिला आवडला.

आईनं शेजारच्या मालतीबाईंना सांगितलं, "आमची राजश्री पेपरात आहे." त्या म्हणाल्या, "अय्या, घरोघर टाकते का?" आई दिवसभर फणफणतेय. मला मात्र हसू आवरत नाही.

९ जानेवारी

वाशीजवळ पावणे गावाला गेले. टपरीवाल्याकडून कुणकुण लागली होती. एमआयडीसीतला एक गाळा, नेलपॉलिश बाटल्यांत भरायचं काम. आत सगळ्या बायका. थिनरचा असा वास की दारातच डोकं धरलं. मागचं दार आहे — आणि त्याला बाहेरून कुलूप! बाटल्या चोरीला जातात म्हणून! एक ठिणगी पडली तर? विचारसुद्धा करवत नाही.

जेवणाच्या सुट्टीत बायका बाहेर आल्या. मी गळ्यातलं ‘प्रेस’चं कार्ड पुढे केलं. झालं! सगळ्या पटापट आत पळाल्या. एक सत्यभामा तेवढी थांबली. साताऱ्याकडची, चाळिशीची, प्रत्येक नख वेगळ्या रंगाचं. म्हणाली, "मागं पण प्रेसवाला आलता की. फोटो काढलं, शेटकडनं पाकीट घेतलं, गेला. बोलणाऱ्या दोघींना घरी बसवलं. तू कितीचं घेणार?"

कानशिलं तापली. पण खोटं नव्हतं. आमच्यात आहेत तसले. परवाच्या रांगेतही असतील एखाद-दोन.

१० जानेवारी

परत गेले. कार्ड पिशवीत. सत्यभामा लांबूनच ओरडली — "आली बघा पाकीटवाली!" तिच्यासाठी चहा मागवला. पैसे तिनंच दिले. "तुझा चहा प्याले तर उद्या मीच पाकीटवाली व्हायची." काय बाई आहे! कुलपाचं विचारलं, तर चहा संपवून आत निघून गेली.

१४ जानेवारी

संक्रांत. सत्यभामानं तळहातावर तिळगूळ ठेवला. "गोड बोल. पण लिहू नको गोड." आणि मग जी बोलायला लागली! मागच्या दाराची किल्ली सुपरवायझर पोपटच्या खिशात. पोपट जेवायला गेला की किल्लीही जेवायला. गेल्या महिन्यात विजेच्या बोर्डातून धूर आला, तेव्हा सगळ्या पुढच्या दारात एकमेकींच्या अंगावर पडल्या. एक गरोदर होती.

मग बाकीच्याही बोलल्या. नावं घालायची नाहीत, शब्द दिला. कुलपाचा फोटो काढला. घरी येऊन एका बैठकीत लिहून काढलं.

१६ जानेवारी

आली बातमी! पान पाच, खालचा कोपरा. ‘कामगारांमध्ये सुरक्षेबाबत जनजागृतीची गरज — वार्ताहर.’ कुलूप नाही. दार नाही. बायकाच नाहीत!

बातम्या तपासणाऱ्या डेस्कच्या अभिराम सरांना फोन केला. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. "अगं, वार्ताहराच्या भरवशावर एवढं छापता येत नाही." वार्ताहर म्हणजे मी — बातमीमागे मानधन. पगारावर असते तर ‘प्रतिनिधी’. प्रतिनिधीनं पाहिलं तर कुलूप, वार्ताहरानं पाहिलं तर जनजागृती!

मग हळूच म्हणाले, "मालकाची बाजू घेतलीस?"

नव्हती घेतली. रागाच्या भरात विसरलेच! आता कुठल्या तोंडानं भांडू?

१७ जानेवारी

मालकाला भेटले. खुर्ची दिली, कोल्ड्रिंक मागवलं. "ताई, तुमच्या पेपराला एक जाहिरात देऊन टाकू का?" नको म्हटलं. दाराचं सांगा. फिरवाफिरवी करून शेवटी वैतागला — "उघडं ठेवलं तर माल जातो! लिहा, माझं काय जातंय!"

लिहिलं. जसंच्या तसं. ऑफिसात सरांसमोर ठाण मांडून बसले. "या वेळी कापलंत तर उद्यापासून दुसरी वार्ताहर शोधा." बोलून गेले!

१८ जानेवारी

पान एक! कुलपाचा फोटो एवढा मोठा! माझं नाव नाही. नसू दे. दुपारी फॅक्टरी इन्स्पेक्टर पोचले. दार उघडलं! सत्यभामाचा फोन — "अगं, मागनं वारं येतंय! वास निम्मा झाला." मी ढसाढसा रडले. आईला वाटलं, कुणी गेलं.

२१ जानेवारी

सत्यभामाला कामावरून काढलं. पोपटनं गेटवरच ऐकवलं, "जा आता त्या पेपरवालीकडं." नाव छापलं नव्हतं, तरी कळलंच. फोन केला. तिनं उचलला नाही.

पाकीट नाही घेतलं मी. पण तिची भाकरी घेतलीच ना? बोलणाऱ्यांना घरी बसवतात, असं ती पहिल्या दिवशीच म्हणाली होती; तेच झालं. फार वाईट वाटतंय.

२२ जानेवारी

उचलत नाही.

२३ जानेवारी

आई म्हणाली, "फोन काय करतेस? उठ, घरी जा तिच्या." गेले. दाराला कडी. शेजारीण म्हणाली, रोज सकाळीच कुठंतरी जाते.

२४ जानेवारी

ऑफिसात शिरले तर बाकावर सत्यभामा! माझ्याआधी पोचलेली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर मलाच गप्प केलं. "ते राहू दे. तिकडं रबाळ्याच्या एमआयडीसीत गाळे फिरतेय. काम मागायला म्हणून आत जायचं, मागची दारं बघायची. तीन ठिकाणी कुलूप. बायकांशी बोलले. मालकांना पण विचारलं. तुझा फोन कुठं उचलू? त्यांच्या म्होरं उभी होते की!"

अभिराम सर केबिनमधून बाहेर आले. तिच्याकडे बघून म्हणाले, "आपण कोण?"

मी काही सांगायच्या आत तीच उठून उभी राहिली. "बातमी आणलीया. बसून सांगू?"