खुर्चीतला हुंकार

सोमवार

आले एकदाची! चढावर सुटकेसचं एक चाक निखळलं. ते पर्समध्ये टाकलं आणि उरलेल्या चाकावर सगळा संसार ओढत वर आणला. शुश्रूषागृह छोटंसंच आहे, चार खोल्या आणि एक लांब व्हरांडा. माझी खोली स्वयंपाकघराच्या वर, त्यामुळे गरम पाण्याची चंगळ. काम काय, तर ज्यांची नजर गेली त्यांना दुपारी पुस्तकं वाचून दाखवायची. म्हणजे वर्गात जे कोणी ऐकत नव्हतं, ते इथे पगार घेऊन ऐकवायचं!

धाकट्या बहिणीने नाक मुरडलं ते मला फोनवरसुद्धा ऐकू आलं. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, तू मरणाच्या दारात नोकरी धरलीस, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, अगं, ‘साहित्यातील मृत्यू’ हा पेपर हयातभर शिकवला, आता थोडं प्रात्यक्षिक होऊ दे. तिने फोन ठेवला.

मंगळवार

सध्या ऐकणारी एकच, ग्रंथपालबाई. आयुष्यभर वाचनालय चालवलं, आता डोळे गेले आणि हृदयही जेमतेम चालतंय. डॉक्टर म्हणाले, कधीही काहीही होऊ शकतं. बाई म्हणाल्या, या डॉक्टरांना शेवट आधीच फोडायची वाईट खोड आहे. मला बाई जाम आवडल्या. त्या मला ‘मास्तरीण’ म्हणतात.

आम्ही एक जाडजूड कादंबरी घेतली. पाच पिढ्यांचं कुटुंब, दर दुसऱ्या प्रकरणात एक मयत. आजोबा तिसऱ्या प्रकरणातच गेले, मरता मरता दीड पानाचा उपदेश करून. बाईंना हसू आवरेना. मीही पुस्तक मिटून तोंडसुख घेतलं. गोष्ट कुठे न्यायची हे कळेनासं झालं की लेखक आईला मारतात, आणि वाचकांनी मुकाट्याने डोळे पुसायचे! उत्तरपत्रिकासुद्धा तशाच. ‘मृत्यू हे अंतिम सत्य आहे’ या वाक्याने सुरू. मी समासात लिहायचे, मग पुढची दोन पानं कशाला?

बाईंची एक अट आहे. त्या हुंकार देणार आणि मी वाचणार. हुंकार थांबला की त्या झोपल्या असं समजून मीही थांबायचं. जुनी पद्धत, मला पटली.

गुरुवार

आज एक विचित्रच झालं. बाहेर लख्ख ऊन, खिडकी उघडी. मी वाचतेय, ‘हं’ येतोय, मी वाचतेय. सहज मान वर केली तर बाई गाढ झोपलेल्या, तोंड उघडं, बारीक घोरतायत. आणि ‘हं’ आला. खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीतून. खुर्ची रिकामी होती.

माझ्या तोंडचं पाणी पळालं, उगाच शूरपणा कशाला मिरवू? पुस्तक मिटलं तर वेत करकरला, कोणीतरी पुढे सरसावून बसावं तसा.

इथल्या सिस्टरला विचारलं. तिला नवल वाटलं नाही, याचाच मला राग आला. ती म्हणाली, ते ऐकायला येतं. ज्याच्यासाठी आलेलं असतं त्याला गोष्ट संपेपर्यंत हात लावत नाही, तेवढी रीत पाळतं. शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांना त्यांच्या मुलाने एक छोटी कथा वाचून दाखवली. शेवटचं वाक्य झालं, खुर्चीतलं उठलं आणि गृहस्थ गेले. मग ती मला बजावून म्हणाली की एक सांभाळा, ते स्वतः काही सांगू लागलं तर हुंकार देऊ नका. जो हुंकार देतो, त्याची गोष्ट सुरू होते.

मी म्हटलं, अस्सं! म्हणजे साहेबांना साहित्याची आवड आहे. मग गाठ माझ्याशी आहे.

शनिवार

बाईंना सगळं सांगून टाकलं. लपवायला त्या काय कुकुलं बाळ आहेत?  त्या म्हणाल्या की मास्तरीण, मला जायचं नाहीये. कोणी विचारलंच नव्हतं म्हणून बोलले नव्हते. त्यांचा हात हातात घेतला आणि मला रडू आलं.

कादंबरी काल संपायची ती मी संपू दिली नाही. शेवटचं प्रकरण आलं तसं पुस्तकात बघत बघत मनचंच सांगू लागले. नातीचं लग्न मोडलं, पुन्हा जुळलं, घरात भाडेकरू आला. माणसं कमी पडायला लागली तेव्हा तिसऱ्या प्रकरणातल्या आजोबांना परत आणलं. मेलेबिले नव्हते, बायकोला कंटाळून परगावी नोकरी करत होते! बाईंनी चोरी बरोबर पकडली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. खुर्चीतून निमूट ‘हं’ आला. त्याला कळलंच नाही! इतकी वर्षं ऐकतंय आणि चांगलं-वाईट कळत नाही. वर्गातल्या मागच्या बाकासारखंच.

सोमवार

घसा बसलाय. दुपारभर सांगायचं, थकलं की उद्यावर टाकायचं, पण शेवट करायचा नाही. आजोबांनी आता दुकान काढलंय.

आज ‘हं’ आला नाही. मी दोनदा थांबले. मग खुर्चीच बोलू लागली. आवाज साधा, थोडा किनरा, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा. एक मास्तरीण होती. ती चढ चढून एका घरात आली. तिच्या पर्समध्ये एक चाक होतं. आणि खुर्ची तिथेच अडखळली. पुढचं आठवेना.

आणि मी... अरे देवा. तोंडी परीक्षेत पोरं अशी अडली की जीभ आपोआप वळायची. वळली. मी म्हटलं, हं, पुढे?

दारात सिस्टरच्या हातातली वाटी पडली.

मंगळवार

बाई आज उठून बसल्या. स्वतःच्या हाताने सूप प्यायल्या, गालांवर रंग आहे. डॉक्टर चक्रावलेत. मला काय ते कळलं. ते आता बाईंसाठी ऐकत बसत नाही, माझीच गोष्ट मला सांगतंय. जिने, व्हरांडा, न्हाणीघर, कुठेही. सिस्टरने खुर्ची अंगणात नेऊन जाळली. काही फरक नाही.

पण सिस्टरकडून एक बरं कळलंय. ते सुरू केलेली गोष्ट अर्धी टाकू शकत नाही. जोवर माझी संपत नाही तोवर ते बाईंकडे वळणार नाही. बाईंना हे सांगितलं तर त्या संतापल्या. मी तुझ्या जिवावर जगू का, म्हणाल्या. मी म्हटलं, हो, जगा. मला हौस आहे.

बुधवार

त्याला तोंडावर सांगितलं की तुझी गोष्ट सुमार आहे. सगळ्यांना एकच शेवट! राजाला तोच, भिकाऱ्याला तोच, लहान लेकरालाही तोच. याला कल्पनाशक्ती म्हणत नाहीत, आळस म्हणतात. आम्ही माणसं तुझ्या त्याच एका वाक्याभोवती हजारो पुस्तकं लिहीत आलोय. तुझी शोभा आम्ही वाढवली रे, तुझी स्वतःची काय आहे?

 ते आपलं पुढे सांगू लागलं.

डाव्या पायाला मुंग्या येतायत.

गुरुवार

ते आजच्या दिवसापर्यंत आलंय. मी काय करते ते सांगतं, जेमतेम एक श्वास मागे. पण वहीत मी जे लिहिते ते त्याला गोष्टीत घ्यावंच लागतं. आत्ता मुद्दाम लिहिलं, मास्तरणीने खिडकीबाहेर जीभ काढून दाखवली. आणि दाखवली. त्याला निमूट सांगावं लागलं. बरं वाटलं.

म्हणजे लिहीत राहायचं. जेवढं लिहीन तेवढं लांबेल.

पाय गेला. दुखत नाही. नाहीच.

शुक्रवार

बाई काठी टेकत व्हरांड्यात चालल्या. ऐकू आलं. काठी, पाऊल, काठी, पाऊल. माझ्या दारापर्यंत आल्या. मला शिव्या घातल्या, मग रडल्या. म्हटलं, जा, फिरून या, ऊन छान आहे —

कंबरेपर्यंत गार. सिस्टर उशा लावून गेली. वही मांडीवर, मांडी कळत नाही.

ते घाई करतंय. मास्तरीण थकली, म्हणतं. नाही थकली. मास्तरीण म्हातारी — म्हातारी तर म्हातारी, मग?

अजून शुक्रवार

म्हणतंय, तिने पेन खाली ठेवलं.

नाही ठेवलं. हे बघ. अक्षर वाकडं आहे पण आहे.

पुन्हा म्हणालं. ठेवलं.

खोडलं. चूक. पुन्हा लिही.

डावा हात गेला. घे. तो तुला. बाहेर काठी वाजतेय, पायऱ्या उतरून अंगणात — बाई अंगणात गेल्या! ऐकतोस ना? हे पण सांगावं लागेल तुला, सांग, बाई अंगणात गेल्या आणि मास्तरीण अजून

म्हणतंय ठेवलं

नाही. उजवा माझा आहे. बोटं बंद होतायत तर पेनावरच बंद होऊ देत, मी काही तुला ते स्वतःहून