मामांच्या नावाखालची भेग

३ मार्च

नुसतं टकटक केलं आणि कळलं. युद्धस्मारकावरची नावांची पाटी सगळीकडे भरीव वाजते, डाव्या कोपऱ्यात मात्र पोकळ! आणि त्याच कोपऱ्यात मामांचं नाव — सासूबाईंच्या धाकट्या भावाचं. खाली भेग. नख आत जातंय.

दुरुस्तीचं काम मला मिळालं तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद सासूबाईंनाच झाला होता. "घरचंच माणूस हात लावणार, बरं झालं." आता तोच हात पाटीला लावायचा धीर होत नाही.

५ मार्च

भेगेत बॅटरी मारून पाहिलं. पाटीला मागून धरणारी लोखंडी पट्टी गंजून फुगलीय, तिनेच दगड फोडला. बाकीच्या पट्ट्या धडधाकट. काम तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "इथंच कसं काय पाणी मुरलं?" मी म्हटलं, "पावसाची झड असेल." साफ खोटं! झड दुसऱ्या बाजूने येते, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

सासूबाई रोज सकाळी बाटलीभर पाणी नेऊन मामांच्या नावावर ओततात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. नाव धुवायला जातात, असं सगळेच समजतो. मग पुसत का नाहीत, असं कधी विचारलं नाही कुणी.

६ मार्च

सासूबाईंना सांगितलं नाही.

९ मार्च

नवऱ्याशी बोलले. "तूच सांग," म्हणे. मी म्हटलं, "आई तुझी आहे!" "पण दगड तुझा आहे ना." वा रे वा! सोयीचं तेवढं बरोबर सुचतं याला.

पाटी उतरवावीच लागणार. उतरवताना भेग वाढली तर नाव मधोमध दुभंगेल. मामांचा देहसुद्धा घरी आला नव्हता. सासूबाईंना त्यांना भेटायला जागा आहे ती एवढीच. मला भीती वाटतेय, दुसरं काही नाही.

१२ मार्च

उद्या उतरवायची. जेवण अर्धं टाकून उठले. "तब्येत बरी नाही का गं?" — सासूबाई. "बरी आहे की!"

१३ मार्च

उतरली! साखळीला दगड लटकला आणि मी डोळेच मिटले. गवंडी ओरडला, "बाई, डोळे मिटून दगड हलका होत नाही! खालून धरा!" धरला. भेग होती तेवढीच राहिली. पाटी गादीवर आडवी ठेवली आणि सगळ्यांदेखत खुशाल रडले.

१९ मार्च

स्टीलची पट्टी बसवली, भेग चुन्याने भरली, पाटी जागेवर गेली. आता टाळणं शक्य नव्हतं. भांडी पुसता पुसता बोलून टाकलं — "आई, ती भेग पाण्याने पडली होती. आता तिथं पाणी नका ओतू."

हातातलं ताट कोरडं झालं तरी त्या पुसतच राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मीच फोडलं होय त्याला."

"तसं नाही हो, आई!" म्हटलं. तसंच तर आहे.

२० मार्च

सकाळी बाहेर पडल्याच नाहीत. चहा गार झाला. नवरा माझ्याकडे असा बघतोय, जणू मीच गुन्हेगार.

२२ मार्च

आज आपणहून बोलल्या. मामांच्या तुकडीतला एक जण तेव्हा घरी येऊन गेला होता. त्याने फक्त त्यांना सांगितलं — "शेवटी पाणी मागत होता, ताई. आमच्यापाशी नव्हतं."

मी बाटली भरून त्यांच्या हातात दिली. दगडाचं मी बघेन.