शिक्क्यावरचा कोंबडा

मातेरा, १२ फेब्रुवारी १९५१

प्रिय आई, तुझ्या दोन्ही हातांचे मुके.

मी बरा आहे, मेंढ्याही बऱ्या आहेत. खोकला जवळजवळ गेलाय. तुझा गुडघा काय म्हणतोय?

आता खरी बातमी. इथे आपल्यासारखी घरोघरी भट्टी नाही. सगळ्या आळीचे पाव एकाच भट्टीत भाजतात, म्हणून ओळख पटावी यासाठी प्रत्येक घर कणकेवर आपला लाकडी शिक्का उठवतं. मेंढपाळाला मुलगी आवडली की तो शिक्का कोरून तिला देतो. तिने वापरला की होकार समजायचा.

मी माळावर बसून दोन महिने एका शिक्क्यावर कोंबडा कोरला आणि आमच्या आळीतल्या ब्रुना नावाच्या मुलीला दिला. ती तो घेऊन घरात गेली. आठ दिवस मी भट्टीतून निघणारा प्रत्येक पाव निरखत होतो.

काल भट्टीवाल्याने एक पाव बाहेर काढून विचारलं, "हे मांजर कुणाच्या घरचं?"

"मांजर कसलं मेल्या, बेडूक आहे तो," शेजारची कार्मेला मावशी म्हणाली.

सगळी आळी हसायला लागली. मी हळूच सटकायच्या बेतात होतो, तेवढ्यात ब्रुना पुढे आली. गरम पाव एप्रनमध्ये घेऊन तिने उराशी धरला.

"डोळे तपासून घ्या. कोंबडा आहे, आणि माझा आहे."

ईस्टरला तिला घेऊन येतो. सोबत त्या पावाचा शिक्का उठलेला तुकडा पाठवतोय. तुला त्यात काय दिसतं ते मला खुशाल कळव, पण तिच्यापुढे मात्र कोंबडाच म्हण.

तुझा दोनातो