वाघाकडे पाठ

हेमराजभाऊ,

मोहर्लीच्या जंगलातलं गाईडचं काम मी सोडलं. तूच जंगलखात्याच्या साहेबाच्या मागं लागून ते लावून देल्लं होतं, म्हणून फोनवर सांगाची हिंमत झाली नाई. फोनवर तू पयले विचारते, "वाघ दिसला का?"

वाघ दिसला की माह्यं कोणी आयकत नाई, भाऊ. एका पाहुण्यानं तं माह्याच खांद्यावर कॅमेरा टेकवला अन् म्हणे, "हलू नका." वाघ नाई दिसला की मी मनातून खूश व्हायची. तवा लोक झाडाचं, वारुळाचं विचारत.

हिवाळ्यात जवळच्या गावातली शाळेची पोरं जंगल पाहाले आणली होती. मी गाडीतून वारूळ दाखवत होती, अन् नेमका वाघ रस्त्यावर आला. झालं आता, म्हटलं, अन् गप्प बसली. तं एका पोरीनं माही बाही ओढली. "वाघ तं आमच्या वावरातबी येते, बाई. तुमी वारुळाचं सांगा."

मी वाघाकडे पाठ करून सांगत राह्यली. त्याच दिवशी ठरवलं, शाळेत शिकवाचं.

आज डी.एड.ले नंबर लागला. माहा जीव भांड्यात पडला.

हे पत्र टाकत नाई. तू घरी आला की समोर बसवूनच सांगीन, अन् मधात वाघाचं विचारू देणार नाई.

तुही बहीण,
जया