पानिपतच्या बहिणीला विचारलंच नाही

बाबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आज लिहायला बसलोय, कारण या खोलीत करण्यासारखं दुसरं काही नाही आणि छताकडे बघून कंटाळा आलाय. मला रक्ताचा कॅन्सर आहे. केमो झाली, आता दुसऱ्या कुणाच्या स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या पेशी, माझ्यात घालायच्या. त्या कुणाच्या, हे ठरवण्यातच दोन महिने गेले.

आधी धाकट्या भावाचं रक्त तपासलं, ते जुळलं नाही. मग माझ्या मुलाचं. ते अर्धं जुळलं. अर्धा तो आईचा ना. डॉक्टरांनी विचारलं, "और कोई सगा भाई-बहन?" मी म्हणालो, "नहीं." घरी आल्यावर ही म्हणाली, "मग पानिपतवाली तुमची कोण लागते?" मी म्हटलं, लग्न करून दिलेल्या मुलीकडून काही घ्यायचं नाही, बाबांचा नियम आहे.

खोटं नव्हतं ते. तिच्या लग्नानंतर आपण पहिल्यांदा तिच्याकडे गेलो, तो मे महिना मला अजून दिसतो. ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी आहे आणि तुम्ही पिशवीतून आपल्या फरीदाबादच्या घरून आणलेली पाण्याची बाटली काढताय. "नातू होऊ दे, मग पिईन." ती हसते. तिला मूल झालंच नाही, आणि तुम्ही शेवटपर्यंत बाटली नेत राहिलात. पुढे तिने पाणी विचारणंच सोडलं.

हिने मला न सांगता फोन लावला. दुसऱ्या दिवशी बहीण बसने हजर. "दादा, मला वहिनीकडून कळावं? चलो, कुठे द्यायचंय रक्त?" पूर्ण जुळलं. डॉक्टरांना तिचं वय जरा खटकलं, पण मुलाच्या अर्ध्यापेक्षा हे बरं, असं ठरलं. रक्तात त्या पेशी वाढाव्यात म्हणून चार दिवस सुया टोचून घेतेय. अंग ठणकतं म्हणते, आणि वर मलाच विचारते, जेवलास का. उद्या पेशी काढायला तिला मशीनला जोडतील. माझं स्वतःचं रक्त औषधांनी मारून टाकलंय. तिने दिलं नाही तर मी गेलोच.

थकलोय, बाबा. तुमच्यावर ढकललं, पण नियम आड आला नव्हता. तुमचं तेरावं झालं त्याच संध्याकाळी मी तिच्यापुढे तिने घरावरचा हक्क सोडल्याचा कागद ठेवला होता. तिने चष्मा पुसला आणि सही केली. मला भीती होती, ती आता नाही म्हणेल. तिच्या जागी मी असतो तर म्हणालो असतो.

तिला का विचारलं नाही, हे खरं तर तिलाच सांगायला हवं. ती खालच्याच मजल्यावर आहे. पण उद्याचं पार पडेपर्यंत मी तोंड उघडणार नाही. न जाणो.