रस्ता ओलांडायला लागणारा वेळ

ब्रेसर स्ट्रीट,
१४ जानेवारी

ती. स्टेफा आत्यास,
लेस्याचा सा. न. वि. वि.

लोकरी मोजे मिळाले. एक दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब आहे, पण माझे पायच तसे आहेत असं तू म्हणशील. तुझा जावई डॅरिल बरा आहे, कामात असतो.

यंदा माझ्या सहावीच्या वर्गाला एक काम दिलंय. वस्तीत जे नीट नाही ते शोधायचं, नुसती कुरकुर न करता मोजायचं आणि महापालिकेला पत्र लिहायचं. शहर मोठ्यांचं तेवढंच तुमचंही, असं मी ऐटीत सांगून टाकलं. बहुतेकांनी स्केटिंगच्या मैदानातले बंद दिवे धरले. ॲनलिन म्हणून एक मुलगी ऑगस्टमध्ये फिलिपिन्सहून आली. कोणाशी बोलत नाही, डबा खिडकीशी बसून एकटी खाते. तिने शाळेसमोरचा सिग्नल निवडला. चालणाऱ्यांचा हिरवा दिवा अठरा सेकंद असतो. तिच्या इमारतीतल्या ग्रँजर आजोबांना काठी टेकत पलीकडे जायला तेहतीस लागतात. कडाक्याच्या थंडीत ते मधल्या कट्ट्यावर अडकतात, दोन्ही बाजूंनी ट्रक. नाताळानंतर त्यांनी बाहेर पडणंच सोडलंय. हे लिहिलेला कागद तिने माझ्या टेबलावर ठेवला आणि निघून गेली.

रविवारी चर्चला जाताना जपून जा. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
लेस्या


कालिनिव्ह, सॅस्काचेवान,
२७ जानेवारी

चि. लेस्यास,
अ. उ. आ.

मोज्यांना नावं ठेवणाऱ्यांनी आधी स्वतः विणून दाखवावेत.

तुझ्या त्या पोरीची हकीकत तीनदा वाचली. आता खरं लिहिते. नोव्हेंबरपासून मी घराबाहेर पडलेली नाही. बर्फ लोटणारी गाडी सगळा ढीग आमच्या कोपऱ्यावर आणून टाकते, माझ्या कमरेइतका. एकदा घसरले, तर हात द्यायला कोणी नव्हतं. शेजारचा माणूस किराणा दाराशी ठेवतो आणि बेल वाजवून निघून जातो. हे पत्रही तोच टाकेल. चर्च, पोस्टातल्या गप्पा, सगळं मी मनाने रचून तुला लिहीत होते. कळलं असतं तर दर रविवारी चार तास गाडी हाकत आली असतीस. कधी कधी दिवसभर घरात फ्रिजचाच काय तो आवाज. आमच्या शाळेत गप्प बसायला शिकवलं, तेवढं मात्र मी पक्कं शिकले.

रागावू नकोस. त्या मुलीला विचार, अनोळखी म्हाताऱ्याशी बोलायला सुरुवात कशी केलीस म्हणून.

डोक्यावर टोपी घालत जा. तुझीच,
स्टेफा आत्या


ब्रेसर स्ट्रीट,
२३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझ्यावर धुमसत होते. मग मी स्वतः तुला काय काय लिहिलंय ते आठवलं. डॅरिल सप्टेंबरमध्येच मला सोडून गेला, आत्या. कुत्राही घेऊन गेला. तुझ्या पत्रांपुरता मी त्याला कामात ठेवला होता. शुक्रवारी शाळा सुटली की सोमवारपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नाही.

ॲनलिनला विचारलं. ती म्हणाली, सुरुवात त्यांनी केली. लिफ्टमध्ये ते रोज तिचं नाव विचारायचे, कारण रोज विसरायचे. इथे तिला नाव विचारणारे तेवढेच होते. आत्या, हजेरीत ते नाव मी रोज वाचते.

मंगळवारी वर्ग घेऊन महापालिकेत गेले. समितीने पाच मिनिटं दिली. ॲनलिनने खाली मान घालून कागद वाचला. एक सदस्य गोड आवाजात म्हणाले की वाहतुकीची पाहणी करावी लागेल, पुढच्या वर्षी बघू. तेव्हा तिने मान वर केली.

“तोपर्यंत आजोबांनी कुठे उभं राहायचं?”

काल कळलं, दहा सेकंद वाढवून मिळालेत. म्हणजे अठ्ठावीस. मुलांनी बाकं बडवली. ॲनलिन बोटांवर उरलेले पाच सेकंद मोजत बसली आणि मग तिने दुसरं पत्र लिहायला घेतलं.

यापुढे खोटं नको, तुझंही आणि माझंही.

तुझी,
लेस्या


कालिनिव्ह,
११ मार्च

चि. लेस्यास,
अ. उ. आ.

डॅरिलबद्दल काही लिहीत नाही. समोर असतीस तर जेवायला वाढलं असतं.

मी नगरपालिकेला पत्र लिहिलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पहिलंच. पट्टी घेऊन कोपऱ्यावरून दारापर्यंत आलेला ढीग मोजला आणि आकडा टाकला. तिथल्या कारकुनाचा फोन आला. त्याने विचारलं, ही अडचण आणखी किती जणांना आहे? मी म्हटलं, मला कसं ठाऊक, मी कोणाशी बोललेच नाही. तो म्हणाला, मग विचारून कळवा.

मग ओळीने एकेका घरी फोन लावला. आमच्या या एका गल्लीत आणखी चौघीजणी नोव्हेंबरपासून घरात बसून आहेत, लेस्या. समोरची अन्नासुद्धा. तिचा पडदा बंद दिसायचा, मला वाटायचं ती मुलाकडे गेलीय. तिला वाटत होतं मीच कुठे गेलेय.

ढीग अजून आहे तिथेच आहे. पत्रावर आता पाच सह्या व्हायच्यात. कागद घरोघर न्यायला बाहेर पडता येत नाही, म्हणून शेजाऱ्याने बेल वाजवली तेव्हा या खेपेला त्याला जाऊ दिलं नाही. आत बोलावलं आणि आधी त्याचं नाव विचारलं.

तुझी,
स्टेफा आत्या